चाळिसाव्या पानाचा निकाल

माझ्या टेबलावर बत्तीस वर्षांत एकही कागद तीन दिवसांच्या वर राहिला नाही. ही बढाई नव्हे. निरोप समारंभात साहेबांनी हे माइकवरून सांगितलं होतं, आणि त्या वेळी माइक चालूही होता. पण तुमच्यापाशी म्हणून कबूल करतो, एक कागद राहिला होता. तीन दिवस नव्हे, चाळीस वर्षं.

तो कागद म्हणजे एक ग्रीटिंग कार्ड. पंच्याऐंशी सालच्या दिवाळीत आमच्या बुऱ्हाणपूरच्या एका दुकानात तासभर उभं राहून मी ते निवडलं होतं. वर दोन पोपट, मध्ये एक पणती आणि सगळीकडे मूठमूठभर चमकी. आत छापलेल्या इंग्रजी शुभेच्छा मला फारच सरकारी वाटल्या, म्हणून त्यांच्यावर कोरा कागद चिकटवून मी स्वतःच्या चार ओळी लिहिल्या आणि खाली सही केली, वामन महाजन. कार्ड ज्यांना द्यायचं होतं त्या कुमारी उषा यांच्या घरावरून मी रोज सायकलने जात होतो. पण हात काही खिशातून बाहेर आला नाही. मग दोन महिन्यांनी, कसं कोण जाणे, त्यांच्याच घरून स्थळ सांगून आलं. फेब्रुवारीत लग्न झालं आणि कार्ड बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात राहिलं. लग्नानंतर बायकोला असलं कार्ड देणं म्हणजे नोकरी लागल्यावर अर्ज करण्यासारखं आहे.

यंदा बावीस फेब्रुवारीला लग्नाला चाळीस वर्षं होणार होती. मी निवृत्त. डब्यात भरपूर ऐवज. तेव्हा ठरवलं की एक छानशी चिकटवही करायची, तिच्या चाळिसाव्या पानावर ते कार्ड लावायचं आणि त्या दिवशी सकाळी चहाबरोबर उषाच्या हातात ठेवायची. एवढंच. यात कोणाला काही त्रास होण्यासारखं होतं का, तुम्हीच सांगा.

ऐवजाबद्दल थोडं सांगायला हवं. माझ्याकडे दिवाळी अंकांतून कापलेल्या कविता होत्या. जुनी ग्रीटिंग कार्डं तर इतकी होती की लोकांच्या घरी तेवढे वाटाणेही नसतील. आमच्या कार्यालयात (खात्याचं नाव सांगत नाही, पेन्शन चालू आहे) नववर्षाला साहेबांच्या टेबलावर कार्डांचा ढीग पडायचा आणि चार जानेवारीला तो टोपलीत जायचा. टोपलीतून माझ्या पिशवीत. उघडलं की कमळ उभं राहणारं, खिडकी उघडून ससा बघणारं, एक तर उघडलं की गाणारं. तिसरा ऐवज चित्रांचा. काही कॅलेंडरांची, बाकी उषाची. उषा चित्रं काढते हे तिला स्वतःला मान्य नाही. ती म्हणते, "मी पेन चालतं का पाहत होते." एकदा तिने माझ्या बदलीच्या आदेशामागे पेन चालतं का पाहिलं आणि तिथे असा जिवंत खंड्या पक्षी बसला की मूळ आदेश मी फाईलला लावलाच नाही. कार्यालयात अजून माझ्या नावाने झेरॉक्सच आहे.

हे सगळं गुप्तपणे करायचं होतं. दुपारी उषा भजनाला गेली की मी माडीवर चढायचो. आमच्या लोधीपुऱ्याच्या वस्तीत गुप्तता किती टिकते? माझी सव्वीस मिनिटं टिकली. मैद्याची खळ शिजत होती तेवढ्यात शेजारच्या मालूबाईंनी त्यांच्या गच्चीवरून मान काढली.

"भाऊ, काय शिजवी राह्यले? वहिनी जेवाले देत नाही का?"

"काही नाही, मालूबाई. जरा चिकटवायचं आहे."

"मैद्याची खळ? मग तर तुमच्या कविता पहिले झुरळंच वाचतीन! चिमूटभर मोरचूद टाका तिच्यात."

मालूबाईंच्या सल्ल्यात एक खोड आहे, तो बरोबर असतो. त्यामुळे त्यांना टाळता येत नाही आणि आभारही मानवत नाहीत. मी मोरचूद टाकलं. खळ निळी झाली. पहिल्या दहा पानांवरच्या कविता अजूनही जरा आजारी दिसतात.

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरचा विपुल झेरॉक्सवाला आला. मी त्याला बोलावलं नव्हतं. "काका, खळ-बिळ छोडो. लॅमिनेशन करून देतो. पन्नास साल कुछ नहीं होगा." विपुल कशाचंही लॅमिनेशन करतो. त्याच्या दुकानात लिंबू-मिरचीसुद्धा लॅमिनेट करून टांगलेली आहे. मी म्हटलं, बाबा रे, कार्ड उघडायचं असतं, लॅमिनेट केलं की ते कसं उघडणार? तो खट्टू झाला. म्हणून मी त्याला गाणारं कार्ड दाखवलं, तीस वर्षं मुकं होतं. त्याने हातघड्याळातला सेल काढून त्यात बसवला आणि कार्ड एकदम कंठ फुटल्यासारखं गाऊ लागलं. अर्धवट उघडलं तरी गायचं, जरा दाबलं तरी गायचं. मी ते अठराव्या पानावर लावलं. या कार्डाचा पुढे काही उपयोग होईल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

सहा आठवड्यांत शहाण्णव सुटी पानं झाली, ती मी फितीत ओवून गाठ मारली. प्रत्येक कार्डाखाली मी आवक क्रमांक, प्रेषक, दिनांक आणि शेरा लिहिला. "आवक ३१. गुलाब उत्तम. प्रेषक नोकरीत नवा, म्हणून अक्षर घाबरलेलं." माणूस बोलण्यात लपतो, कार्डावर नाही लपत. काय निवडलं, सही कुठे केली, साहेबांच्या नावाआधी किती विशेषणं लावली, यावरून मी बढत्यांचा अंदाज बांधायचो आणि तो चुकत नसे.

खळ वाळल्यावर वही अशी फुगली की तीन महिन्यांच्या बाळासारखी दोन हातांत घ्यावी लागे. वजन ठेवायला मी पाटा उचलला. मान पुन्हा गच्चीवरून आली.

"पाटा नका ठेवू भाऊ, सगळी चमकी चुरली जाईन. बहादरपुरवरून भावाने केळीचा घड धाडला आहे, तोच ठेवा. जड बी आणि नरम बी."

हा सल्ला सुद्धा बरोबर होता. पोत्यात गुंडाळलेला घड आठ दिवस वहीवर राहिला आणि वही एकदम शिस्तीत बसली. फक्त घडाच्या दांड्यातून चीक गळला. केळीचा चीक म्हणजे काय हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. शर्ट फाटेल पण डाग जाणार नाही. वहीच्या कोऱ्या कापडी पुठ्ठ्यावर काळपट तपकिरी ओघळ उमटले. आठ दिवसांत वही आठ वर्षं नव्हे, चांगली चाळीस वर्षं जुनी दिसू लागली. मला तर ते आवडलंच. भारदस्त वाटत होतं.

आता माझी चूक सांगतो.

मध्य प्रदेशातली नोकरी, बत्तीस वर्षं हात हिंदीत लिहीत आलेला. घरी भाजीची यादी करायला बसलो तरी पहिली ओळ 'विषय:' अशी पडते. वहीवर नाव घालायला बसलो आणि माझ्या नकळत सुंदर अक्षरात उमटलं: "पंजी क्रमांक १. विविध. सन १९८५ से निरंतर." पंजी म्हणजे आमचं रजिस्टर. आणि पंजी म्हटली की पहिल्या पानावर प्रमाणपत्र आलंच: "प्रमाणित किया जाता है कि इस पंजी में १ से ९६ तक पृष्ठ हैं." तेही लिहिलं. त्याच्याखाली जागा रिकामी राहिली. शिक्क्याशिवाय प्रमाणपत्र म्हणजे कुंकवाशिवाय... असो. मला ती रिकामी जागा दोन दिवस खुपली.

सोमवारी मी वही पिशवीत घालून, सायकल काढून जुन्या कार्यालयात गेलो. माझ्या खुर्चीवर आता योगेंद्र बसतो. त्याला मीच तयार केलं, त्यामुळे त्याच्या चुका मला पाठ आहेत.

"अरे बडे बाबू! बसा, बसा. चाय पिओगे? मावा जिलेबी सांगू?"

मी म्हटलं, "फक्त एक गोल शिक्का हवा. घरगुती आहे. गंमत म्हणून."

"एक काय, दोन मारतो. आपके लिए तो..." असं म्हणत त्याने वही न उघडता टेबलावरच्या ढिगावर ठेवली आणि जिलेबी आली. जिलेबी गरम होती. योगेंद्रने साहेबांच्या तक्रारी सांगितल्या, नव्या आलेल्या रंजिता मॅडम किती कडक आहेत हे सांगितलं, आणि तेवढ्यात वरून निरोप आला म्हणून तो धावत गेला. माझ्याकडे उषाचा फोन आला की गॅसवाला दारात आहे. मी म्हटलं, वही उद्या नेऊ. कार्यालयात ठेवलेली वस्तू कुठे जाते?

कार्यालयात ठेवलेली वस्तू कुठे जाते हे जगात जर कोणाला माहीत असेल तर मला.

मंगळवारी पाहुणे आले. बुधवारी सुट्टी निघाली. गुरुवारी गेलो तर टेबल स्वच्छ. योगेंद्रचं टेबल स्वच्छ असणं नैसर्गिक नव्हतं.

"वही?" मी विचारलं.

"कोणती वही, बडे बाबू? वीस पंज्या होत्या, सगळ्या मॅडमकडे सहीला गेल्या."

"अरे, त्यात माझी होती!"

"एकवीस झाल्या असतील मग," योगेंद्र शांतपणे म्हणाला. हिशोब त्याचा पहिल्यापासून असाच आहे.

मी त्याच्याकडे नीट पाहिलं. त्याच्या कानावर सोनेरी चमकी होती. मॅडमच्या खोलीच्या दाराच्या कडीवर चमकी होती. जिन्याच्या कठड्यावर, पाण्याच्या माठावर, पायऱ्यांवर, आणि शेवटी खाली रेकॉर्डरूमच्या दाराशी स्टुलावर बसलेल्या सुपडूच्या मिशीत तर दिवाळीच होती. सुपडू आमचा जुना शिपाई. त्याला निवृत्त व्हायला वर्ष राहिलं आहे आणि तो एक कागद हरवू देत नाही. हीच अडचण होती.

"सुपडू, लाल कण्याची, डाग पडलेली एक पंजी..."

"हाव, बांधली ना बस्त्यात." तो अभिमानाने म्हणाला. "मॅडमची सही झाली, गोल शिक्का झाला, खाली आली. तुम्हीच तं शिकवलं बडे बाबू, टेबलावर पंजी पडेल दिसली का बांध."

"कोणत्या बस्त्यात, कोणत्या गाठोड्यात?"

"त्याच्यावर विविध लिहेल होतं, पंच्याऐंशी सालचं. विविधची मुदत तीन साल. म्हणून नष्ट करायच्या ढिगात टाकली. उद्या तीन वाजता मशीनमधून काढणार हाये सगळं."

विविध पंज्या तीन वर्षांनी नष्ट कराव्यात हे परिपत्रक कोणी काढलं होतं? साहेबांनी. मसुदा कोणाचा होता? माझा. त्यातलं "विनाविलंब" हे क्रियाविशेषण तर खास माझंच.

मी हात जोडून म्हटलं, "सुपडू, दार उघड."

"नाही ना बडे बाबू. विना आदेश कोणालेच नाही. हे बी तुम्हीच शिकवलं."

तेवढ्यात बंद दाराच्या आतून, कुठल्या तरी ढिगाच्या दाबाखालून, बारीक आवाजात गाणं सुरू झालं. सुपडूचे डोळे मोठे झाले. "तीन दिवसांपासून गाऊ राह्यलं," तो हळूच म्हणाला. "मी तं कोणाले सांगलं नाही. एक साल राह्यलं माझं." मला मात्र काय दिलासा वाटला म्हणून सांगू, लेकरू ढिगाऱ्याखालून रडलेलं ऐकावं तसा. जिवंत होती वही.

मी वर मॅडमकडे गेलो. रंजिता मॅडम मूळच्या खंडव्याच्या, वयाने माझ्या मुलीएवढ्या, आणि चेहरा असा की अर्जदाराने स्वतःचंच नाव दोनदा तपासावं.

"म्हणजे तुम्ही म्हणता, मी सही केलेली पंजी सरकारी नाहीये?"

"नाही, मॅडम. त्यात पोपट आहेत."

"सही मेरी है, शिक्का ऑफिसचा आहे, रेकॉर्डला नोंद आहे. आता ती सरकारी नाही असं सिद्ध करायला समिती बसवावी लागेल. उद्या अकरा वाजता या. तोवर मशीन थांबवते." मग त्या म्हणाल्या, "बडे बाबू, हा नियम पण..."

"माझाच असेल, मॅडम," मी म्हटलं.

घरी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे मालूबाईंना सांगितलं, पण उषाला सांगू नका असं बजावून. आता मागे वळून पाहता तो बजावण्याचा प्रकार अगदीच वायफळ होता.

शुक्रवारी अकराला समिती बसली. मॅडम, योगेंद्र आणि रेकॉर्डच्या वतीने सुपडू. वही टेबलाच्या मधोमध. बातमी पसरलेली असल्यामुळे आणखी आठ-दहा जण फाईल शोधायच्या निमित्ताने भिंतीला लागून उभे होते. मॅडम म्हणाल्या, "वही माझ्याकडे राहील. कोणत्या पानावर काय आहे ते तुम्ही न बघता सांगा. जुळलं तर तुमची."

बत्तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या अर्जांवर "अर्जदाराने समक्ष हजर राहून ओळख पटवावी" असं लिहीत आलो. समक्ष उभं राहून काय वाटतं ते त्या दिवशी कळलं. पायजम्याची नाडी सैल झाल्यासारखी वाटते.

"पान एक, लग्नपत्रिकेतला गणपती. पान दोन, श्रावणावरची कविता, खळीमुळे निळी."

"निळी आहे," मॅडमनी नोंद घेतली.

"पान नऊ, साहेबांना आलेलं कमळ. उघडलं की उभं राहतं." मॅडमनी उघडलं. कमळ उभं राहिलं. भिंतीकडून "अरे वा" आलं. मॅडमनी पान मिटलं आणि कोणी पाहत नाही असं समजून पुन्हा एकदा उघडलं. मी पाहिलं. माझं काम तेच होतं.

बाराव्या पानापर्यंत लोकांनी फाईल शोधायचं सोंग सोडलं. पंधराव्यावर खुर्च्या ओढल्या गेल्या. अठराव्यावर कार्ड गाऊ लागलं तेव्हा सुपडूने एवढा मोठा निःश्वास सोडला की टेबलावरचे कागद हलले. "हे व्हय का ते भूत!" पण खरी गंमत एकविसाव्या पानावर झाली.

"पान एकवीस, आवक एकतीस. गुलाब. प्रेषक..." मी थांबलो. प्रेषक समोर बसला होता. नोकरीला लागल्यावर पहिल्याच नववर्षाला सुपडूने तेव्हाच्या साहेबांना कार्ड दिलं होतं, आणि ते चार जानेवारीला इतरांबरोबर टोपलीत गेलं होतं.

सुपडू पुढे झुकला. "हे तं माझं! हे साहेबाले दिलं होतं मी. तुमच्याजवळ कसं आलं?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी आयुष्यात एकही खोटी नोंद केली नाही. त्या दिवशी पहिली केली, तोंडी. "साहेब बदलून गेले ना, तेव्हा मला बोलावून म्हणाले, महाजन, हे कार्ड सांभाळा, प्रवासात गुलाब चुरगळेल."

सुपडूने मिशीवरून हात फिरवला. आणखी थोडी चमकी खाली पडली. "बडा चांगला माणूस होता," तो म्हणाला. मॅडमनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं आणि काही लिहिलं नाही.

अशी गाडी छान चालली होती. पान एकोणचाळीस, उषाचा खंड्या पक्षी, मागे माझा बदली आदेश. मूळ प्रत पाहून योगेंद्र ओरडला, "ही आम्ही चार साल शोधतो आहे!" मॅडमनी खंड्याला बराच वेळ पाहिलं. "कोणी काढलं?" "आमच्या घरून," मी म्हटलं. मग त्यांनी पान उलटलं.

"पान एक्केचाळीस," त्या म्हणाल्या.

"चाळीस, मॅडम."

"एक्केचाळीस आहे." त्यांनी वही माझ्याकडे वळवली. एकोणचाळीस. एक्केचाळीस. मधल्या फितीला एक वेगळीच गाठ होती, फुलासारखी दुपदरी. ती माझी नव्हती.

माझ्या कानात काहीतरी वाजलं. या वेळी ते कार्ड नव्हतं. माझं पान नव्हतं. ज्यासाठी हा सगळा उद्योग केला, परवा सकाळी जे उघडून दाखवायचं होतं, तेवढंच एक पान नव्हतं. आणि त्याहून वाईट, बत्तीस वर्षं मी पोरांना कानीकपाळी ओरडलो होतो की पानं मोजल्याशिवाय प्रमाणपत्र लिहू नका, आणि वजनाखालून काढल्यावर स्वतःची पानं मी मोजलीच नव्हती.

मॅडमचा चेहरा गंभीर झाला. "शहाण्णव पानांवर माझी सही आहे. पंचाण्णव निघतात. आता तर मी ही सोडूच शकत नाही."

"टेन्शन नका घेऊ," योगेंद्र म्हणाला, "लिहून टाकू, पान चाळीस उंदराने खाल्लं."

"एकच पान? नेमकं मधलं?" मी भडकलो. "आणि उंदराने फीत बांधून ठेवली? पंचनामा करशील त्याचा?"

मॅडम म्हणाल्या, "बडे बाबू, चाळीसवर काय होतं तेवढं बोला. हरवलेल्या पानाचं वर्णन नोंदवावं लागेल."

"एक कार्ड होतं. पोपट दोन."

"मजकूर?"

"खाजगी होता."

"खाजगी आहे हेच तर सिद्ध करायचं आहे ना. सांगा."

माझं वय चौसष्ट. समोर तेरा माणसं, त्यातली नऊ माझ्या हाताखाली काम केलेली, मला चळाचळा कापलेली. मी खिडकीबाहेर बघत, टपालाचा गोषवारा वाचावा तसा म्हणू लागलो.

"तापीच्या पाण्याला ओढ खालच्या गावाची,
माझ्या सायकलीला तुमच्या आळीची;
नदी काही थांबत नाही कोणाच्या दारी..."

शेवटची ओळ तोंडात होती, पण बाहेर येईना.

"सायकल थांबते, चेन निघते बिचारी," दारातून कोणीतरी ओळ पूर्ण केली.

दारात उषा उभी होती. मागे मालूबाई, "मी काहीच नाही सांगलं भाऊ" असा चेहरा करून. उषाच्या हातात पान चाळीस होतं. चकाकत होतं. विपुलने शेवटी कशाचं तरी लॅमिनेशन केलंच होतं.

"अहो, घड पिकला का पाहायला मी वर गेले होते," ती म्हणाली. "घडाखाली ही वही. वही म्हटल्यावर उघडली. तेवढं एक पान मला आलेलं पत्र निघालं, म्हणून काढून घेतलं. माझं पत्र तुमच्या रजिस्टरला कशाला?"

"पण मग लॅमिनेशन..."

"मी त्यावर शेरा मारला. नंतर तुम्ही खाडाखोड कराल म्हणून पक्कं करून घेतलं. परवा चहाबरोबर देणार होते."

पान मॅडमच्या हातात गेलं. कार्ड आतली बाजू वर करून चिकटवलेलं होतं, माझ्या चार ओळींखाली निळ्या शाईत, बरोबर माझ्या पद्धतीने समास सोडून, उषाने लिहिलं होतं. मॅडम मोठ्याने वाचू लागल्या. त्यांना थांबवायला हवं होतं, पण समितीसमोर आलेला कागद वाचलाच जातो.

"शेरा. पत्र चाळीस वर्षं उशिरा प्राप्त. सायकलची चेन अर्जदार स्वतः वाकून काढत असत, हे वरच्या खिडकीतून रोज दिसत होतं. हात मात्र काळे व्हायचे, त्याचं वाईट वाटायचं. अर्जदार अर्ज देईना, म्हणून मावशीला बाबांकडे आम्हीच पाठवलं. प्रकरण तेव्हाच मंजूर. उषा."

मग जे झालं त्याची नोंद कोणत्याही पंजीत नाही. सुपडूने टाळी वाजवली, योगेंद्रने शिट्टी मारली आणि मॅडमनी ती शिट्टी ऐकली नाही असं ठरवलं. मालूबाई म्हणाल्या, "बाई बाई, आणि हे भाऊ आम्हाले सांगत होते का स्थळ मोठ्यांनी जमवलं!" माझी प्रतिष्ठा म्हणाल तर ती त्या खोलीत टेबलाखाली कुठेतरी पडली असावी. शोधायची इच्छा झाली नाही.

मॅडमनी शहाण्णव पानं स्वतः मोजली, लाल शाईने आदेश लिहिला, "वैयक्तिक. प्रेषिती को लौटाई जाए," आणि सही केली. प्रेषिती म्हणजे ज्याला पत्र पाठवलं तो. मी म्हटलं, मॅडम, वही माझी आहे. त्या म्हणाल्या, "मला नाही वाटत." पोच उषाने दिली. मी साक्षीदार म्हणून सही केली. वही लगेच मिळाली असं मात्र नाही. दोन वाजेपर्यंत ती सगळ्या टेबलांवरून फिरली, कारण प्रत्येकाला आपलं एखादं कार्ड त्यात आहे का ते बघायचं होतं.

परतताना मालूबाई रिक्षाने पुढे गेल्या. मी सायकल हाताने ढकलत होतो, वही कॅरिअरला बांधलेली, उषा बाजूने चालत होती. दोघांच्याही अंगावर चमकी. रस्त्यावरचे लोक आम्हाला वरातीतून आल्यासारखं बघत होते. मी काय बोलावं याचा मसुदा करत होतो. दोनदा केला, दोनदा फाडला.

तिच्या माहेरच्या आळीच्या तोंडाशी आलो आणि खटकन आवाज झाला. सायकल अडली. खाली पाहिलं तर चेन निघाली होती.

"देवाशपथ," मी म्हटलं, "या वेळी मी हात लावला नाही."

उषाने वर, त्या जुन्या खिडकीकडे पाहिलं. तिथे आता कोणाचे तरी कपडे वाळत होते. मग तिने पदराने माझ्या भुवईवरची चमकी पुसली आणि म्हणाली, "बसवायची घाई करू नका. थांबू या जरा."